ग्रीक नव्या करारातले ‘तुम्ही’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रश्न असा आहे: नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये जिथे ‘तुम्ही’ येते, ते खरोखर अनेकांना उद्देशून असते की मराठीसारखे एकालाच मान देण्यासाठी? दुसरे म्हणजे, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद ग्रीकमध्ये आहे का? नसेल तर मराठी बायबलात तो आला कुठून?

थोडक्यात सांगायचे तर ग्रीक ‘तुम्ही’ हे अनेकांनाच असते, आदरार्थी नसते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. त्यातला कोणता घ्यायचा हे मराठी भाषांतरकाराने संदर्भ पाहून ठरवलेले असते. पण एवढ्यावर थांबू नका. कितीतरी वचनांचा अर्थ नेमका याच जागी वळतो, आणि म्हणूनच नव्या कराराचे ग्रीक शिकवताना मी सर्वनामांवर घाई करत नाही.

आधी शब्द पाहू. ‘तू’ला सु, ‘तुम्ही’ला हुमेइस, ‘मी’ला एगो आणि ‘आम्ही/आपण’ला हेमेइस. फार जुन्या ग्रीकमध्ये संस्कृतसारखे द्विवचन होते, पण नव्या कराराच्या काळातल्या रोजच्या ग्रीकमध्ये, म्हणजे कोइनेमध्ये, ते उरले नव्हते. समोर दोघे असोत की पाच हजार, हुमेइसच. क्रियापदाच्या शेवटावरूनही पुरुष आणि वचन कळते: लेगेइस म्हणजे ‘तू म्हणतोस’, लेगेते म्हणजे ‘तुम्ही म्हणता’, लेगोमेन म्हणजे ‘आम्ही म्हणतो’. मराठीतही आपण ‘येतोस का?’, ‘येता का?’ असे सर्वनामाशिवाय विचारतो, तसेच हे. त्यामुळे ग्रीक वाक्यात कर्ता म्हणून सर्वनाम मुद्दाम घातले असेल तर त्यावर बहुधा जोर असतो. मत्तय 16:15 मध्ये लोक काय काय म्हणतात ते शिष्य सांगून मोकळे होतात, आणि मग येशू विचारतो, ‘पण तुम्ही मला कोण म्हणता?’ तिथे हुमेइस वाक्याच्या अगदी सुरुवातीला आहे. हा प्रश्न मोठ्याने वाचताना ‘तुम्ही’वर आवाज पडायलाच हवा.

आता आदराचे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24 उघडा. तिर्तुल्ल नावाचा वकील रोमी सुभेदार फेलिक्सपुढे पौलाविरुद्ध बोलायला उभा राहतो. सुरुवातच स्तुतीने करतो, त्याला ‘महाराज’ या अर्थाचे क्रातिस्ते हे बिरुद लावतो, आणि त्याच दमात ‘तुझ्यामुळे आम्हाला मोठी शांतता लाभली आहे’ असे म्हणतो. सर्वनाम एकवचनी. मराठी भाषांतरकार तिथे ‘आपल्यामुळे’ लिहितो आणि ते योग्यच आहे. मराठीत सुभेदाराला ‘तुझ्यामुळे’ म्हणणारा वकील पुढे एक शब्द बोलू शकला नसता. पण तो आदर ग्रीकमध्ये बिरुदातून आणि भाषेच्या थाटातून येतो, सर्वनामातून नाही. पौल अग्रिप्पा राजाशी बोलतो तोही एकवचनातच. पिलात येशूला विचारतो, ‘तू यहूद्यांचा राजा आहेस काय?’ आणि येशू उत्तर देतो, ‘तू म्हणतोस.’ या ‘तू’मध्ये पिलाताचा उद्धटपणा शोधू नये, येशूचा बाणेदारपणाही शोधू नये. एका माणसासाठी त्या भाषेत दुसरा शब्दच नव्हता.

प्रार्थनेतल्या ‘तू’बद्दलही हेच. विठ्ठलाला ‘तू’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात जी जवळीक असते ती खरी आहे, पण ती मराठीची देणगी आहे. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ यातल्या ‘तुझे’वरून जवळिकीचा उपदेश उभारला जातो तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. त्या प्रार्थनेत जवळीक आहेच, पण ती ‘पित्या’ या हाकेत आहे. उपदेश तिथून करावा.

एकदा हे पक्के झाले की तू आणि तुम्ही यांची अदलाबदल दिसू लागते. एकाच माणसाशी बोलताना वक्ता मध्येच अनेकवचनात शिरला, तर त्याने श्रोता बदललेला असतो. योहान 3 मध्ये निकदेम रात्री येतो आणि म्हणतो, ‘आम्हाला ठाऊक आहे.’ एकटा आलेला माणूस, पण बोलतो गटाच्या वतीने. येशू त्याला ‘मी तुला सांगतो’ असे एकवचनात उत्तर देतो आणि सातव्या वचनात म्हणतो, ‘तुम्हाला नव्याने जन्मले पाहिजे, असे मी तुला सांगितले म्हणून आश्चर्य मानू नकोस.’ एकाच वाक्यात ‘तुला’ आणि ‘तुम्हाला’. निकदेम ज्या वर्गाचा प्रतिनिधी होऊन आला, त्या सगळ्यांना येशूने त्या ‘तुम्हाला’त आणून बसवले आहे. पुढच्या अध्यायात शोमरोनी स्त्रीशी बोलताना ‘बाई, माझ्यावर विश्वास ठेव’ हे एकवचन, आणि ‘तुम्हाला ठाऊक नाही त्याची उपासना तुम्ही करता, आम्हाला ठाऊक आहे त्याची उपासना आम्ही करतो’ हे अनेकवचन. तिला अचानक मान दिलेला नाही. तुम्ही म्हणजे शोमरोनी, आम्ही म्हणजे यहूदी. योहानाच्या शुभवर्तमानात ‘यहूदी’ हा शब्द पुष्कळदा येशूच्या विरोधकांसाठी वापरला आहे. त्याच पुस्तकात येशू त्यांना ‘आम्ही’ म्हणतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सगळ्यांत हृदय हलवणारी अदलाबदल लूक 22:31-32 मध्ये आहे. शेवटच्या भोजनाची रात्र. येशू म्हणतो: ‘शिमोना, शिमोना, पाहा, सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले, पण तुझा विश्वास खचू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली.’ हाक एकाला, चाळणी सगळ्यांना, विनंती पुन्हा एकासाठी. आणि लगेच: ‘तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर.’ म्हणजे येशूने एकासाठी केलेली प्रार्थना बाकीच्यांपर्यंत त्या एकाच्या हातून पोचणार आहे. आजच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी बायबलवरून उपदेशाची तयारी करणाऱ्या पाळकाला हे सहसा दिसत नाही. संकट एकट्या शिमोनावर, म्हणजे पेत्रावर होते असेच तो सांगतो. 1611च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हा भेद शाबूत होता. मराठीत तो आजही शाबूत आहे, तेव्हा मराठी उपदेशकाने निदान इथे तरी आपल्या पुस्तकावर भरवसा ठेवावा.

मत्तय 16:19 मध्ये किल्ल्या ‘तुला’ देईन, ‘तू’ जे बांधशील, असे पेत्राला म्हटले आहे. 18:18 मध्ये तेच बांधणे-सोडणे ‘तुम्ही जे बांधाल’ असे शिष्यांना म्हटले आहे. हा अधिकार एकट्या पेत्राचा की सगळ्यांचा, यावरून मंडळ्यांमंडळ्यांत, म्हणजे चर्चाचर्चांत, शतकानुशतके वाद झाले. व्याकरण तो वाद मिटवत नाही. पण एक बाजू एकवचन विसरते आणि दुसरी अनेकवचन, तेव्हा दोघांनाही मूळ ओळ दाखवावी लागते.

करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या दोन वचनांची नेहमी गल्लत होते. 3:16 मध्ये ‘तुम्ही देवाचे मंदिर आहा’ असे म्हणताना तुम्ही अनेक आणि मंदिर एक. सगळी मंडळी मिळून एक मंदिर, आणि संदर्भही मंडळीत फूट पाडणाऱ्यांचा आहे. 6:19 मध्ये ‘तुमचे शरीर’ मंदिर आहे. तिथेही ‘तुमचे’ अनेकवचनी आणि शरीर एकवचनी, पण विषय व्यभिचाराचा आहे, म्हणून अर्थ ‘तुमच्यापैकी प्रत्येकाचे शरीर’ असा होतो. ग्रीकमध्ये प्रत्येकाच्या एकेका वस्तूसाठी असे एकवचन चालते. तेव्हा ‘अनेकवचन दिसले की मंडळीच’ असा सरसकट नियम करू नये. धूम्रपानाविरुद्ध 3:16 वापरणे मात्र त्या वचनावर अन्याय आहे.

आता एक पत्र जरा जवळून बघू. फिलेमोनाला पौलाने लिहिलेले पत्र अवघ्या 25 वचनांचे. अनेसिम नावाचा दास मालकापासून दुरावून पौलाकडे आला, विश्वासी झाला, आणि पौल त्याला परत पाठवत आहे. पत्राच्या माथ्यावर फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि ‘तुझ्या घरातली मंडळी’ अशी नावे आहेत. घर एकाचे, म्हणून ‘तुझ्या’. तिसऱ्या वचनातले अभिवादन सगळ्यांना: ‘तुम्हाला कृपा व शांती असो.’ चौथ्या वचनापासून दार लोटल्यासारखे होते. ‘मी तुझी आठवण करतो’, ‘तुझ्या संमतीवाचून मला काही करायचे नव्हते’, ‘तू स्वतःच माझे देणे आहेस हे मी तुला सांगत नाही’. सगळी विनवणी एकट्या फिलेमोनाला, एकवचनात. मग 22व्या वचनात पौल लिहितो, ‘माझ्यासाठी राहण्याची सोयही करून ठेव, कारण तुमच्या प्रार्थनांमुळे मी तुम्हाला परत मिळेन अशी मला आशा आहे.’ ‘करून ठेव’ एकाला, ‘तुमच्या’ आणि ‘तुम्हाला’ सगळ्यांना. शेवटचा आशीर्वादही ‘तुमच्या आत्म्याबरोबर’.

हे पत्र त्या घरात मोठ्याने वाचले गेले असणार, कारण अभिवादनच मंडळीला आहे. म्हणजे मधली इतकी खाजगी विनवणी चालू असताना बाकीचे तिथेच बसून ऐकत आहेत. अनेसिमाला ‘दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून’ स्वीकार, ही मागणी एकाला, पण साक्षीला अख्खी मंडळी. पौलाने फिलेमोनावर दडपण आणले की त्याला आधार दिला, यावर अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. माझ्या मते दोन्ही आहे, आणि पौलाला ते ठाऊक होते. फिलेमोन घरमालक, प्रतिष्ठित, म्हणून मराठीत त्याला ‘तुम्ही’ म्हणावे असे एखाद्याला वाटेल. तसे केले तर 22वे वचन सपाट होते आणि मंडळी पत्रातून दिसेनाशी होते. शिवाय पौल स्वतःला इथे ‘म्हातारा’ म्हणवतो. वडीलधाऱ्याचे ‘तू’ मराठी कानाला खटकत नाही.

हीच नजर योहानाच्या दुसऱ्या पत्राकडे वळवा. ‘निवडलेल्या बाईसाहेबांना’ लिहिलेले हे छोटे पत्र पाचव्या वचनात ‘बाई, मी तुला विनंती करतो’ असे म्हणते, सहाव्यापासून बाराव्यापर्यंत अनेकवचनात जाते आणि तेराव्यात ‘तुझ्या बहिणीची मुले तुला सलाम सांगतात’ असे पुन्हा एकवचनात येते. बाई म्हणजे मंडळी आणि मुले म्हणजे तिचे सभासद, असे बरेच अभ्यासक मानतात. त्यामागे या अदलाबदलीचा मोठा वाटा आहे, आणि मलाही ते पटते.

आता दुसरा प्रश्न. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला धरून घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. गुजरातीत अमे आणि आपणे आहेत, तमिळ-तेलुगूतही असा भेद आहे; हिंदीचे हम मात्र एकटे. ग्रीकचे हेमेइसही एकटेच. त्यामुळे मिशनरी विल्यम कॅरींच्या काळापासून मराठीत बायबल आणणाऱ्या प्रत्येकाला पानोपानी निर्णय घ्यावा लागला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. या कामात हेमेइस येईल तिथे ‘यात ऐकणारा धरायचा की नाही?’ हे विचारल्यावाचून पेन पुढे सरकत नाही.

काही ठिकाणी निर्णय सोपा असतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे देवालाच उद्देशून आहे, म्हणून ‘आमच्या’. ‘आपल्या’ म्हटले तर देव स्वतःचाच पिता ठरेल. या प्रार्थनेच्या जरा आधी, मत्तय 6:6 मध्ये, ‘तू प्रार्थना करशील तेव्हा आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे’ असे एकवचन आहे. नवव्या वचनात ‘तुम्ही अशी प्रार्थना करा’ हे अनेकवचन, आणि प्रार्थनेत ‘मी’, ‘माझे’ कुठेच नाही. भाकर आमची, ऋणे आमची, सोडवणूक आमची. दार लावून एकटा बसलेला माणूसही ‘आमच्या’ असेच म्हणतो.

काही ठिकाणी निर्णय अवघड. मार्क 4:38 मध्ये वादळ, होडीत पाणी, येशू उशाशी डोके ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवतात: ‘गुरुजी, तुला काळजी नाही का की...’ पुढचे क्रियापद अपोल्लुमेथा, म्हणजे ‘बुडतोय’, प्रथम पुरुष अनेकवचन. ‘आम्ही बुडतोय’ की ‘आपण बुडतोय’? आम्ही म्हटले तर ‘तू काही बुडायचा नाहीस, आमचे मरण आले’ असा सूर लागतो. आपण म्हटले तर ‘सगळेच एका होडीत आहोत, ऊठ’ असा. मत्तयाने हीच हाक ‘प्रभू, वाचव, आम्ही बुडतोय’ अशा रूपात दिली आहे. तिथे वाचवणारा एकीकडे आणि बुडणारे दुसरीकडे, म्हणून ‘आम्ही’ नैसर्गिक. मार्कचे वाक्य जास्त रागाचे आहे, आणि मला तिथे ‘आपण’ बरे वाटते. हे शिष्य अजून ‘हा आहे तरी कोण?’ हेच विचारणारे आहेत; येशू बुडणार नाही अशी खात्री त्यांना कुठून असणार?

पण मराठीत ‘आपण’ लिहिले की नवीन अडचण येते, कारण हा शब्द आदरार्थी ‘तू’साठीही वापरतात. ‘आपण बुडत आहोत याची आपल्याला काळजी नाही का?’ या वाक्यातले पहिले ‘आपण’ म्हणजे सगळे, दुसरे ‘आपल्याला’ म्हणजे फक्त गुरुजी. ‘आहोत’ हे एकच क्रियापद वाचकाला सावरून धरते; ‘आहात’ झाले असते तर गुरुजी एकटेच बुडाले असते. मराठी बायबल वाचताना ‘आपण’ दिसले की आधी क्रियापद बघायचे, ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावतो.

लूक 7:5 तर आणखी बारीक आहे. यहुद्यांचे वडील रोमी शताधिपतीची शिफारस करताना येशूला सांगतात की तो हेमोन (हेमेइसचे ‘आमच्या/आपल्या’ हे रूप) राष्ट्रावर प्रीती करतो आणि त्याने हेमिन (‘आम्हाला/आपल्याला’) सभास्थान बांधून दिले. राष्ट्र ‘आपले’, कारण येशूही यहूदी. सभास्थान? ते कफर्णहूमचे, येशू नासरेथचा, म्हणून ‘आम्हाला’. पण तो पुढे कफर्णहूमातच राहायला आला होता, तेव्हा ‘आपल्याला’ही म्हणता येईल. शिफारस करणारा माणूस ‘आपला’ म्हणून गळ घालतो, हे लक्षात घेता पहिल्याला ‘आपल्या’ हवेच. दुसऱ्याला मी ‘आम्हाला’ घेईन.

इफिसकरांस पत्रात हा निर्णय सगळ्यात मोलाचा. 1:12-13 मध्ये ‘आधीपासून ख्रिस्तावर आशा ठेवणारे आम्ही’ आणि ‘तुम्हीही’ असे दोन गट दिसतात; बहुतेकांच्या मते यहूदी विश्वासी आणि परराष्ट्रीय विश्वासी. 2:14 मध्ये ‘तोच हेमोन शांती आहे’ असे येते, ज्याने दोघांना एक केले आणि मधली भिंत पाडली. सर्वनाम तेच, पण इथे ‘आमची’ म्हटले तर भिंत परत उभी राहते. ‘आपली शांती’ हेच हवे.

पौलाच्या ‘आम्ही’बद्दल थोडे. 1 थेस्सलनीका 3:1-2 मध्ये ‘आम्ही अथेनैत एकटेच राहायचे ठरवले आणि तीमथ्याला पाठवले’, आणि पाचव्या वचनात तेच ‘मी पाठवले’. मग ‘आम्ही’ म्हणजे पौल एकटाच का? पत्राच्या माथ्यावर पौल, सिल्वान आणि तीमथ्य तिघांची नावे आहेत, आणि 2:18 मध्ये ‘मी पौल तर’ असे तो स्वतःला मुद्दाम वेगळे काढतो. म्हणून या पत्रातले ‘आम्ही’ खरे अनेकवचन मानून चालावे, अडले तरच दुसरा विचार करावा. रोमकरांस पत्राचे तसे नाही. तिथे पाठवणारा एकटा पौल, तरी 1:5 मध्ये ‘आम्हाला कृपा व प्रेषितपद मिळाले’. लेखकाचे असे ‘आम्ही’ अभंगांवर वाढलेल्या मराठी कानाला नवीन नाही.

शेवटी योहानाचे पहिले पत्र. ‘जे आम्ही ऐकले, डोळ्यांनी पाहिले, हातांनी चाचपले’ अशी सुरुवात. तिसऱ्या वचनात ‘तुमचीही आमच्याबरोबर सहभागिता व्हावी’. इथवर साक्षीदार वेगळे, ऐकणारे वेगळे. सहाव्या वचनापासून ‘आपण पापी नाही असे म्हटले तर’ अशा वाक्यांत सगळेच आले. मराठीला पाचव्या-सहाव्या वचनांच्या मध्ये ‘आम्ही’ सोडून ‘आपण’ धरावे लागते. ग्रीक श्रोत्याला असा सांधा जाणवतच नाही. ‘त्यांच्या’ हेमेइसमधून तो नकळत आपल्या हेमेइसमध्ये येतो. लेखकाला हेच साधायचे होते असे मला वाटते, आणि मराठीत हे आणता येत नाही.

याच उताऱ्यात, 1:4 मध्ये, हस्तलिखितांतच फरक आहे. सिनाय आणि व्हॅटिकन या दोन जुन्या प्रती ‘आमचा आनंद पूर्ण व्हावा’ म्हणतात, अलेक्झांड्रियाची प्रत ‘तुमचा’ म्हणते. हेमोन आणि हुमोन यांत अक्षराचाच फरक, आणि पुढच्या शतकांत ए आणि उ या दोन्ही स्वरांचा उच्चार ‘इ’ होत गेला. कानाने ऐकून लिहिणाऱ्या लेखनिकाला मग दोन्ही सारखेच. आजच्या ग्रीकमध्ये ही गल्लत टाळायला शब्दच बदलले आहेत: एमीस आणि एसीस. इथे मी ‘आमचा’ घेतो. पत्र लिहिणाऱ्याने ‘तुमचा आनंद’ म्हणणे लेखनिकाला अपेक्षितच वाटले असते, त्यामुळे ‘आमचा’चे ‘तुमचा’ होणे सोपे आणि उलटे होणे अवघड. अर्थानेही ‘आमचा’च बसते, कारण ऐकणारे सहभागी झाल्याशिवाय साक्षीदारांचा आनंद अपुरा आहे, हे आधीच्याच वचनातून निघते.